वाळवंटातील हिवाळी दुर्मीळ पक्षी: पुण्याहून जाणाऱ्यांनी नोंद पक्की कशी करावी

दिवाळी झाली की पुण्यातील पक्षीनिरीक्षकांचे गट कच्छ, जैसलमेर आणि ताल छापरच्या सहलींची आखणी करू लागतात. जानेवारीच्या अखेरीस हे सगळे परतलेले असतात आणि कोणी हुबारा (माळढोकाच्या कुळातील वाळवंटी पक्षी), कोणी कळपात राहणारी दुर्मीळ टिटवी (सोशेबल लॅपविंग), तर कोणी ग्रे हायपोकोलियस हा फळे खाणारा पक्षी पाहिल्याचे सांगतो. यांतील पुष्कळ नोंदी पुढे टिकत नाहीत. पाहणाऱ्याने पक्षी बहुधा बरोबरच ओळखलेला असतो, पण तो बरोबर ओळखला हे दुसऱ्या कोणाला तपासता येईल असे काही त्याच्याजवळ उरलेले नसते. वहीत केवळ नाव असते, छायाचित्र असले तर ते थरथरत्या हवेतले असते, आणि जागा म्हणून "कच्छचे रण" एवढेच लिहिलेले असते. ज्या पक्ष्यांची जगातील संख्या शेकड्यांत किंवा थोड्या हजारांत मोजावी लागते, त्यांच्याबाबत अशी एक नोंद वाया जाणे हे मला फार मोठे नुकसान वाटते. म्हणून पक्षी कुठे दिसतील यापेक्षा, दिसल्यावर काय करावे यावर या लेखात अधिक भर दिला आहे.

"दुर्मीळ" या शब्दाचे तीन अर्थ आहेत आणि प्रवासाला निघण्यापूर्वी ते वेगळे करून घ्यावेत, कारण प्रत्येकासाठी पुराव्याची गरज वेगळी असते. पहिला प्रकार जगातच कमी उरलेल्या पक्ष्यांचा, जसे माळढोक किंवा सोशेबल लॅपविंग ही टिटवी. ती ठरलेल्या ठिकाणी दिसली तर आश्चर्य नाही, पण किती दिसल्या, त्यांत पिल्ले किती आणि प्रौढ किती, हे मोलाचे आहे. दुसरा प्रकार आपल्याकडेच दुर्मीळ असलेल्यांचा: ग्रे हायपोकोलियस इराण-इराकच्या बाजूला पुरेसा आढळतो, मात्र भारतात तो प्रामुख्याने कच्छच्या थोड्या भागात हिवाळ्यात येतो. तेथे त्याची नोंद नेहमीची, तर तेथून शंभर किलोमीटर दूर ती खळबळजनक ठरते. तिसरा प्रकार वाट चुकून आलेल्या पक्ष्यांचा. अशा नोंदीकडे सर्वांनी संशयानेच पाहावे आणि पाहणाऱ्यानेही त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

तयारी पुण्याच्या माळावरच

वाळवंटातील दुर्मीळ पक्षी ओळखण्याची तयारी सासवड-जेजुरीच्या माळावर आणि बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्यात होते. हे अभयारण्य केवळ ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे, पण चिंकाऱ्यांच्या सोबतीने तेथे माळावर धावणारा धाविक, कोरडे दाणे टिपणारी पखुर्डी, चंडोलांच्या अनेक जाती, तीरचिमण्या आणि हिवाळ्यात भोवत्या (हॅरिअर) नावाचे शिकारी पक्षी हे सारे पाहायला मिळतात. तेथील भारतीय धाविक ज्याने वीस वेळा निरखून पाहिला आहे, त्याला कच्छमध्ये फिक्या वाळूच्या रंगाचा धाविक दिसला की काहीतरी निराळे आहे हे पुस्तक न उघडताच जाणवते. ज्याने आपला धाविक कधी नीट पाहिलेला नाही, त्याला दोन्ही सारखेच दुर्मीळ वाटतात. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमधील किमान चार रविवार माळावर घालवावेत, आणि त्या वेळी प्रत्येक चंडोलाचे व प्रत्येक भोवत्याचे वर्णन वहीत लिहिण्याचा सराव करावा, असा माझा आग्रह आहे. ओळखीच्या पक्ष्याचे वर्णन लिहिणे कंटाळवाणे वाटते, पण हात आणि डोळा तेव्हाच तयार होतो.

पुण्याचा आणि वाळवंटी पक्ष्यांचा संबंध जुना आहे. कर्नल साइक्स यांनी मुंबई इलाख्याच्या सरकारी कामावर असताना दख्खनमधील पक्षी जमवले आणि १८३२ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील एका रातव्याला (रात्री वावरणाऱ्या पक्ष्याला) त्यांनी "माहराटेन्सिस", म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला, असे शास्त्रीय नाव दिले. हा साइक्सचा रातवा मुख्यतः सिंध, राजस्थान आणि गुजरातच्या कोरड्या प्रदेशातला पक्षी आहे, आणि आज तो पाहण्यासाठी मराठी माणसाला कच्छच्या छोट्या रणात जावे लागते. संध्याकाळी रणाच्या काठाने जीप हळू चालवली की तो रस्त्यालगत बसलेला आढळतो.

कुठे जावे, केव्हा जावे

छोट्या रणासाठी अहमदाबादपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे विरमगाममार्गे दसाडा किंवा झैनाबाद गाठणे सोयीचे पडते. रानगाढवांसाठी राखलेले हे अभयारण्य ४,९५४ चौरस किलोमीटर पसरले आहे आणि पावसाळ्यात त्याचा मोठा भाग पाण्याखाली असतो. ऑक्टोबरनंतर जमीन वाळू लागते, मधली उंचवट्याची "बेटे" गवताने भरलेली असतात, आणि हुबारा, आखूड कानांचे घुबड, भोवत्या व चंडोल याच बेटांच्या आसपास सापडतात. वरून कोरडी दिसणारी माती आत चिखलच असते, त्यामुळे स्थानिक चालकाशिवाय रणात गाडी घालू नये.

मोठ्या रणाच्या बाजूला भुजहून नखत्राणामार्गे छारी-ढंढ आणि फुलाय गावाचा परिसर आहे. "ढंढ" म्हणजे उथळ तळे. पाऊस चांगला झालेल्या वर्षी या तळ्यावर कुलंग क्रौंच हजारोंनी उतरतात. पाऊस नसेल तर तळे सपाट मैदान होते, तेव्हा जाण्यापूर्वी त्या वर्षीच्या पाण्याची चौकशी करावी. राजस्थानात जैसलमेरजवळचे डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यातील सुदासरीचा सेवण गवताचा भाग माळढोकांसाठी प्रसिद्ध आहे. चुरू जिल्ह्यातील ताल छापर त्यामानाने अगदी लहान, जेमतेम सात चौरस किलोमीटरचे, परंतु शिकारी पक्षी शिकण्यासाठी याहून चांगली जागा मी पाहिलेली नाही. बिकानेरजवळच्या जोडबीडला मेलेली जनावरे टाकतात. तेथे हिवाळ्यात युरेशियन आणि हिमालयी गिधाडे, काळी गिधाडे आणि स्टेप गरुड एकत्र दिसतात, आणि आसपासच्या झाडांवर पिवळ्या डोळ्यांची कबुतरे उतरतात. तेथे भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या असतात, त्यामुळे एकट्याने पायी फिरू नये. फलोदीजवळच्या खिचनला गावकऱ्यांनी दाणे घालून जपलेले करकरे क्रौंच, तिकडच्या भाषेत कुरजां, पाहणे हा निराळाच अनुभव आहे. २०२५ मध्ये या पाणथळ जागेचा रामसर यादीत समावेश झाला.

एका सहलीत हे सगळे करू नये. सात दिवस असतील तर एकच प्रदेश निवडून तीच ठिकाणे पुन्हा पुन्हा पाहावीत, कारण संशयास्पद पक्षी दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पाहता येणे ही नोंद पक्की करण्याची सर्वांत खात्रीची रीत आहे.

काळ म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा. मध्य आशियातून, कझाकस्तान-मंगोलियाच्या गवताळ प्रदेशांतून निघालेले पक्षी ऑगस्ट-सप्टेंबरपासून येऊ लागतात, परंतु तेव्हा ते पुढे सरकत असतात. डिसेंबरपर्यंत ते स्थिरावतात. सीमेलगतच्या भागांत परवानगी लागते, ओळखपत्र मूळ प्रतीत लागते, आणि ड्रोन नेण्याचा विचारही करू नये.

वाळवंटातील दिवस

पुण्यापेक्षा तेथे सूर्य जानेवारीत साधारण वीस मिनिटे उशिरा उगवतो. उघड्या जीपमध्ये पहाटेचा वारा हाडांपर्यंत जातो, चुरूकडे तर पारा शून्याच्या जवळ येतो, आणि थंडीने हात थरथरत असतील तर दुर्बीण कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. हातमोजे, कानटोपी आणि एकावर एक चढवता-उतरवता येतील असे कपडे न्यावेत.

सर्वांत उपयोगी वेळ उजाडल्यापासून साडेनऊपर्यंतची. त्यानंतर जमीन तापू लागते आणि ऐन हिवाळ्यातसुद्धा दूरचा पक्षी लाटांमागे उभा असल्यासारखा दिसतो. या थरथरीमुळे पाय लांब भासतात, मान जाड भासते, भुवईची रेघ नाहीशी होते. साडेदहानंतर चारशे मीटरवरून पाहिलेल्या पक्ष्याच्या तपशिलावर मी स्वतः विश्वास ठेवत नाही. अशा वेळी तीन गोष्टी करता येतात: सूर्य पाठीशी ठेवून मैदान ओलांडून दुसऱ्या बाजूने पाहावे, जीपच्या बसण्याच्या जागेवरून पाहावे म्हणजे डोळा जमिनीपासून उंच राहतो, किंवा सरळ चार वाजेपर्यंत थांबावे.

दिवसाच्या मधल्या वेळी पाणवठ्यावर बसावे. पखुर्ड्या कोरडे दाणे खातात, म्हणून त्यांना रोज पाणी लागते, आणि सूर्योदयानंतर दोन-तीन तासांनी त्यांचे थवे ठरलेल्या पाण्यावर उतरतात. तांबूस पोटाच्या नेहमीच्या पखुर्डीत काळ्या पोटाची हिवाळी पाहुणी किंवा ठिपकेदार पखुर्डी मिसळलेली असू शकते, आणि पाणी पिताना ती काही क्षण तरी स्थिर असते. जीप पाण्यापासून निदान साठ-सत्तर मीटर दूर, आधीच लावून ठेवावी. थवा घिरट्या घालत असताना गाडी हलवली तर ते पाणी न पिता परत जातात. संध्याकाळ भोवत्यांसाठी राखावी. ते जमिनीवर गवतात एकत्र रात्र काढतात आणि मावळतीच्या अर्ध्या तासात चहूबाजूंनी खाली उतरत येतात. त्या वेळी त्यांची मोजणी करता येते, मात्र मुक्कामाच्या जागेत पाय टाकू नये.

चालकाविषयी एक सूचना. तेथील चालक पिढ्यान्‌पिढ्या रण जाणणारे असतात आणि पक्षी शोधण्यात आपण त्यांच्या जवळपासही पोहोचू शकत नाही. त्यांना "भाई, तो हुबाराच ना?" असे विचारू नये, कारण पाहुण्याचे मन राखण्यासाठी ते होकार देतात. "भाई, तुम्हाला काय दिसते ते सांगा" असे विचारले की खरी माहिती मिळते. पक्ष्याच्या मागे गाडी दौडवायला सांगू नये, आणि त्यांनी स्वतःहून तसे केले तर नम्रपणे थांबवावे. हुबारा पळत असेपर्यंत ठीक, तो उडाला की आपण फार जवळ गेलो होतो असे समजावे.

घोटाळा होणाऱ्या जोड्या

या भागावर मी मुद्दाम अधिक लिहीत आहे, कारण चुकीच्या नोंदी बहुतेक याच जोड्यांतून येतात.

हुबारा आणि माळढोक यांत आकाराचा फरक प्रचंड आहे, माळढोकाचा नर तर मीटरभर उंच असतो. परंतु उघड्या मैदानात तुलनेला काहीच नसल्यामुळे आकार फसवतो. माळढोकाच्या डोक्यावर काळी टोपी असते आणि मान फिकी, स्वच्छ दिसते. हुबाऱ्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणारी काळी पट्टी असते आणि एकूण रंग वाळूचा असतो. उडताना हुबाऱ्याच्या पंखाच्या टोकाकडच्या भागात मोठा पांढरा पट्टा चमकतो, माळढोकाच्या पंखात तसा नसतो. मादी माळढोकाच्या छातीवरची काळी पट्टी अपुरी असते किंवा नसतेच, म्हणून पट्टी दिसली नाही याचा अर्थ तो हुबारा, असा निष्कर्ष काढू नये.

सोशेबल लॅपविंग ही टिटवी हिवाळ्यात राखाडी-तपकिरी, साधी दिसते. तिची ओळख डोक्यावरून होते: गडद टोपी आणि तिच्याखाली रुंद पांढरी भुवई, जी दोन्ही बाजूंनी मागे जाऊन मानेवर मिळते. पाय काळे. पांढऱ्या शेपटीची टिटवी तिच्या जवळपास पाण्याकाठी असते, पण तिचे पाय लांब आणि पिवळे असतात आणि चेहरा कोराच असतो. गंमत अशी की भुवया मागे मिळणे हे लक्षण धाविकांतही आहे. अंग आखडून उभा असलेला फिका धाविक दुरून या टिटवीसारखा भासतो, म्हणून पक्षी चालेपर्यंत थांबावे. धाविक धावतो, थबकतो, झुकतो, पुन्हा धावतो. आपल्या माळावरच्या धाविकाची छाती नारिंगी-तांबूस आणि पोट काळपट असते. वाळवंटी धाविकाचा खालचा भाग वाळूसारखा एकसारखा आणि डोक्याचा मागचा भाग निळसर राखाडी असतो. भारतीय धाविकाची पिल्लेही फिकी असतात, ही जोखीम लक्षात ठेवावी. हुपू चंडोलही असाच धावतो, परंतु त्याची चोच लांब, खाली वाकलेली असते आणि उडाल्याबरोबर पंखांतले काळे-पांढरे पट्टे झळकतात.

रणगोजे (व्हीटिअर) या लहान पक्ष्यांत शेपटी पाहिल्याशिवाय बोलू नये. वाळवंटी रणगोज्याची शेपटी जवळजवळ मुळापर्यंत काळी असते. इझाबेलाइन रणगोज्याच्या शेपटीचा टोकाकडचा अर्धा भाग काळा आणि वरचा पांढरा असतो, तो ताठ उभा राहतो, आणि त्याच्या फिक्या पंखात एक लहानसे काळे पीस उठून दिसते. तांबड्या शेपटीच्या रणगोज्याचा कमरेचा भाग तांबूस असतो. बसलेल्या पक्ष्याची शेपटी बंद असते. तो उडून दुसऱ्या झुडपावर जाईपर्यंतचे दोन सेकंद हेच खरे निरीक्षण. या सगळ्यांत मिसळून पांढऱ्या भुवईचा गप्पीदास, म्हणजे स्टोलिझ्काचा बुशचॅट, असतो. ताल छापर आणि जैसलमेरच्या बाजूला तो नियमित दिसतो आणि जगात इतरत्र फारसा नाही. तो जमिनीवर उतरून छाती-गळ्याची पिसे फुगवतो आणि अंग डावीकडे-उजवीकडे झुलवतो. हे वागणे दिसले तर त्याचे चलचित्र घ्यावे. स्थिर छायाचित्रापेक्षा ते कितीतरी बोलके असते.

भोवत्यांच्या नरांत फारसा प्रश्न नाही: मॉन्टेग्यू भोवत्याच्या नराच्या पंखावर वरून एक काळी आडवी रेघ असते, पांढुरक्या भोवत्याच्या पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर. माद्या आणि पिल्ले मात्र अनुभवी माणसालाही थांबवतात. पांढुरक्याच्या मानेवर गडद भागाखाली फिकी कॉलर दिसते, मॉन्टेग्यूत ती ठळक नसते. पंखाच्या टोकाला सुटी दिसणारी बोटे मोजावीत. या दोघांत चार असतात, आणि पाच दिसली तर हेन हॅरिअर या दुसऱ्या भोवत्याचा विचार करावा. बोटे मोजण्यासाठी छायाचित्रच लागते. ते नसेल तर "मॉन्टेग्यू किंवा पांढुरका, मादी" एवढेच लिहावे, आणि तेवढे लिहिण्यात कमीपणा अजिबात नाही.

ग्रे हायपोकोलियस आपल्या कुळातला एकमेव पक्षी आहे. फुलायच्या परिसरात तो पिलूच्या झाडांवरची फळे खातो आणि झाडाच्या आत दडून बसतो, तर त्याच्याशी घोटाळा होणारा राखी खाटीक हा पक्षी झाडाच्या शेंड्यावर उघड्यावर बसतो. जागेची ही निवडच पहिली खूण होय. नराच्या डोळ्यांतून जाणारा काळा पट्टा डोक्यामागे मिळतो, शेपटीचे टोक काळे असते आणि काळ्या उड्डाणपिसांची टोके पांढरी असतात. मादीला चेहऱ्यावर पट्टा नसतो. खाटकाची आकडेदार चोच येथे नसते. सकाळी पहिल्या तासात, झाडापासून तीस-चाळीस पावलांवर शांत उभे राहिले तर तो बाहेर येतो. झाड हलवणे किंवा आवाज वाजवणे हे त्या पक्ष्यावर आणि पुढच्या पाहणाऱ्यावर अन्याय करणारे आहे.

वही आधी, पुस्तक नंतर

अनोळखी पक्षी दिसला की पहिली गोष्ट म्हणजे एक छायाचित्र घ्यावे, कसेही आले तरी चालेल. त्यानंतर कॅमेरा खाली ठेवून दुर्बिणीने पाहावे आणि पाहता पाहता मोठ्याने वर्णन करावे. मोबाइलवर ते ध्वनिमुद्रित करता येते. चोचीपासून सुरुवात करून डोके, मान, पाठ, पंख, खालचा भाग, पाय, शेपटी या क्रमाने जावे म्हणजे काही सुटत नाही. पुस्तक किंवा मोबाइलवरील मर्लिन हे पक्षी ओळखणारे ॲप, वर्णन संपल्याशिवाय उघडू नये. एकदा चित्र पाहिले की डोळ्याला चित्रातलीच लक्षणे दिसू लागतात, आणि मग आपण पाहिले काय व वाचले काय हे आपल्यालाच वेगळे करता येत नाही.

झैनाबादजवळच्या एका बेटावर आम्ही चौघांनी एका जानेवारीत एक टिटवी पाहिली. आमच्यातील ज्येष्ठ काकांनी तेव्हाच सांगितले की कोणी नाव उच्चारायचे नाही, प्रत्येकाने दहा मिनिटे आपापल्या वहीत लिहायचे. चौघांच्याही वहीत भुवई होती, परंतु पायांच्या रंगाबाबत दोघांनी "काळे" आणि दोघांनी "दिसले नाहीत" असे लिहिले होते. मग पाय नक्की करण्यासाठी आम्ही अर्धा तास थांबलो. ती गवतातून बाहेर आली, काळे पाय छायाचित्रात आले, आणि ती नोंद पुढे कोणी प्रश्न न विचारता स्वीकारली गेली. नाव आधी उच्चारले असते तर तो अर्धा तास आम्ही थांबलो नसतो.

वहीतील नोंद साधारण अशी असावी: "१२ जानेवारी, सकाळी ८.१० ते ८.३५. बेटाच्या पूर्वेकडील काठ, विरळ गवत, जमीन कोरडी. सूर्य पाठीशी, वारा मंद, अंतर अंदाजे १२० मीटर, ८×४२ दुर्बीण आणि टेलिस्कोप. एक पक्षी, इतर टिटव्यांपासून अलग. टोपी गडद तपकिरी, भुवई रुंद, मळकट पांढरी, मानेमागे मिळते, पाठ राखाडी-तपकिरी, पाय काळे, एकदा पंख पसरले, मागचा भाग पांढरा, टोक काळे. चाल टिटवीसारखी." यात "छान दिसला" किंवा "मार्गदर्शकाने सांगितले" असे शब्द नाहीत, हे ध्यानात घ्यावे. जी लक्षणे दिसली नाहीत तीही "दिसली नाहीत" म्हणून लिहावीत.

छायाचित्रांत सुंदर चौकट शोधण्याआधी पुरावा गोळा करावा: बाजूने, समोरून, पाठमोरा, पंख झटकताना, शेपटी पसरताना. एक छायाचित्र अधिवासाचे आणि एक इतर ओळखीच्या पक्ष्यासह, म्हणजे आकाराची तुलना करता येते. उजळ केलेली, रंग चढवलेली प्रत इतरांना दाखवायला ठीक आहे, पण मूळ फाइल जपून ठेवावी, कारण वाळूच्या छटा रंग चढवल्याने बदलतात. पायात रंगीत कडी असलेला क्रौंच किंवा गिधाड दिसले तर कोणत्या पायात, वरून खाली कोणते रंग, अक्षरे-आकडे काय, हे लिहून घ्यावे आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे. एका कडीवरून पक्ष्याचा हजारो किलोमीटरचा प्रवास उलगडतो.

विजेच्या तारांखाली मेलेला मोठा पक्षी आढळला तर तो उचलू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा ठरू शकतो. तारा आणि खांब येतील असे छायाचित्र घ्यावे, खांबावरचा क्रमांक टिपावा आणि वनखात्याला त्याच दिवशी कळवावे. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता येत नाही, म्हणून तारा हे त्याच्या मृत्यूचे मोठे कारण ठरले आहे. अशी नोंद मनाला त्रास देते, पण जिवंत पक्ष्याच्या नोंदीइतकीच ती आवश्यक आहे.

काय सांगावे, काय राखून ठेवावे

सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये माळढोकांसाठी अभयारण्य झाले. पुण्यातील एका पिढीने तेथे माळढोक पाहिला, पुढच्या पिढीला तो पाहण्यासाठी जैसलमेर गाठावे लागते. तेथील "ओरण" म्हणजे देवाच्या नावाने राखलेले माळ, आपल्या देवरायांचे वाळवंटी भावंड, आणि जैसलमेरच्या देगराय ओरणासारख्या जागी आजही माळढोक येतात. अशा पक्ष्याची नेमकी जागा, खुणा आणि वेळ समाजमाध्यमांवर त्याच दिवशी टाकू नये. हुबाऱ्याची शिकार करणारे आहेत, आणि दिवसा झाडात झोपणाऱ्या पॅलिड स्कॉप्स घुबडाभोवती छायाचित्रकारांची गर्दी झाली की ते झाड सोडते. छायाचित्रात दिसणारा मंदिराचा कळस, पवनचक्की किंवा मैलाचा दगडही जागा सांगून जातो, तेव्हा तो भाग कापून टाकावा. फाइलमधील जीपीएस माहितीही काढून टाकावी.

याचा अर्थ नोंद लपवावी असा नाही. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ती अवश्य करावी. संवेदनशील ठरवलेल्या जातींची नेमकी जागा तेथे सर्वांना दाखवली जात नाही, पण अभ्यासासाठी माहिती सुरक्षित राहते. या संवेदनशील जातींत नसलेल्या पक्ष्याबाबत शंका वाटली तर सहल संपून काही आठवडे गेल्यावर नोंद भरावी, परंतु तारीख आणि जागा खरीच द्यावी.

ईबर्डवर भरताना दिवसभराची एकच यादी करू नये. साठ किलोमीटरच्या प्रवासाच्या यादीत एक दुर्मीळ टिटवी असेल तर ती नेमकी कुठे होती हे कोणालाच कळत नाही. प्रत्येक बेटाची, प्रत्येक पाणवठ्याची वेगळी, पंधरा मिनिटे ते एक तासाची यादी करावी आणि दुर्मीळ पक्षी दिसला की त्या जागेपुरती नवी छोटी यादी सुरू करावी. रणात बहुतेक ठिकाणी मोबाइलला संपर्क नसतो, म्हणून ईबर्ड ॲपमधील गुजरात किंवा राजस्थानचा पॅक (त्या भागाच्या पक्ष्यांची माहिती) पुण्यातूनच उतरवून घ्यावा. ॲपने एखादी जात अनपेक्षित म्हणून दाखवली की रकान्यात वर सांगितल्यासारखे वर्णन लिहावे, आणि कोणत्या सारख्या जाती का वगळल्या हे एका वाक्यात तरी द्यावे.

नोंदी तपासणारे हे स्वयंसेवक पक्षीनिरीक्षकच असतात. त्यांनी अधिक माहिती मागितली तर तो अविश्वास मानू नये. आपल्याला नवे काही सुचले नाही तर वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवावे. पेन्सिलने, घाईत, जागेवर काढलेले कच्चे रेखाचित्र अनेकदा नंतर सावकाश लिहिलेल्या परिच्छेदापेक्षा अधिक खात्री देते. नोंद स्वीकारली गेली नाही तरी ती वहीतून खोडू नये. दोन वर्षांनी त्याच बेटावर दुसऱ्या कोणी तोच पक्षी पाहिला, तर जुन्या पानावरची तारीख, वारा आणि पायांचा रंग पुन्हा काढून पाहता येतो. म्हणून मी सहलीच्या वह्या वर्षवार बांधून ठेवतो आणि प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर त्या सहलीतील अनिश्चित राहिलेल्या पक्ष्यांचे पृष्ठक्रमांक लिहितो.